बारा जणींची मुकादम

मुलांनो, एका कचेरीची कल्पना करा, पण डोळे न मिटता. टेबलापलीकडे शिवण कारखान्याचे साहेब आहेत. अलीकडे काज-बटणाच्या मशीनवर काम करणारी एकोणीस वर्षांची मुलगी बसली आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या हातांच्या खुणा बोलून दाखवायला शेजारी आई आहे. जुन्या मुकादम बाई निवृत्त होताहेत आणि त्यांची जागा कुणाला द्यायची ते आत्ता इथेच ठरणार आहे.

साहेब आईलाच म्हणाले, "हाताखाली बारा जणी असतील. ही त्यांच्यावर आवाज कसा चढवणार, विचारा बरं."

आईने खुणांनी विचारलं. मुलीचे हात भराभर हलले, "मशीनच्या खडखडाटात तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. त्या बारा जणी वर्षभर माझ्याकडून खुणा शिकल्यात. आता हातांनीच बोलतात."

आईने लेकीकडून तोंड फिरवून साहेबांना सांगितलं, "आहे तेच काम बरं म्हणते, साहेब. एवढा भार तिला झेपायचा नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि दुसरी फाईल पुढे ओढली.

त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं. मुलीला काचेत आईचा चेहरा स्पष्ट दिसत होता. लहानपणी आईनेच या लेकीला आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवलं होतं.

मुलीने आईचा हात हलकेच दाबला. मग खुर्ची उचलून आईकडे पाठ येईल अशी ठेवली, साहेबांचं पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं, "आता मला विचारा."