कोरी केरसुणी
दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या मंदिरात लावायला जुन्या मंदिराचा फोटो हवा म्हणून केतकी मुनिरक्याच्या त्या खोलीत शिरली, जिथे वर्षापूर्वीपर्यंत त्यांच्या छोट्या पंथाचं मंदिर होतं, आणि तिने नाकाला ओढणी लावली. भिंतीवर तिनेच रंगवलेल्या इजिप्तच्या मांजरमुखी देवीच्या तोंडावर नव्या भाडेकरूच्या गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळल्या होत्या. शिसारीच आली. तरी बरं, देवी आता इथे नव्हती, त्यांच्यासोबत द्वारकेला गेली होती. मंदिर सोडताना पुजाऱ्याने उलट्या पावली चालत केरसुणीने सगळ्यांच्या पावलांचे ठसे पुसायचे, तेव्हाच देवी सोबत निघते, असा पंथाचा नेम. मग कोनाड्यात कोरी केरसुणी दिसली. त्या विधीसाठी केतकीनेच आणलेली; तिने बांधलेली लाल दोऱ्याची गाठही कोणी सोडली नव्हती. तिने पुजाऱ्याला फोन लावला. "सुधन्वा, केरसुणी फिरवलीच नाहीस?" "यार केतकी, टेम्पो खाली उभा होता. चलता है." "मग वर्षभर आरती कोणाची करतोयस?" फोन ठेवून तिने ओढणीने देवीचं तोंड पुसलं, केरसुणीची गाठ सोडली. "द्वारकेला नको, बाई, माझ्याकडे चल."