राजी आणि नामा

“राजीनामा लिख के दे देव साब, बात यहींच खतम,” इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्यानं टेबलावरचा एक कोरा कागद हिम्मतरावांपुढे सरकवला.

कागद दिसताच आठ महिन्यांच्या रेणूनं दोन्ही हात पुढे केले. शर्वरीनं तिला मांडीवर मागं ओढलं. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. इथली बोली अजून अर्धीच कळायची, पण हा शब्द तिला चांगलाच कळला. बहात्तर वर्षांच्या तिच्या सासऱ्यांकडे हा माणूस तोंडावर राजीनामा मागत होता.

हिम्मतराव पोलीस ठाण्याच्या नागरिक समितीचे सभासद. पोलिसांविरुद्ध वस्तीतल्या कुणाची तक्रार असली तर ती महिन्याच्या बैठकीत मांडायची, हे काम. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून लिहायला सून सोबत यायची, आणि सुनेसोबत रेणू.

आजची तक्रार भिंतीला टेकून उभी होती. यादय्या, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. हवालदारानं आपली वर्दी इस्त्रीला आणून टाकली. पैसे नाहीत आणि घाई मात्र सगळ्यांच्या आधी. यादय्या म्हणाला, संध्याकाळी या. त्यावर कानफटात बसली. कोठीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कानाचा पडदा फाटल्याची चिठ्ठी दिली. ती घेऊन तो तीनदा ठाण्यात आला आणि तीनदा त्याला परत लावून दिलं.

“तू क्या बोलता, यादय्या?” हिम्मतरावांनी विचारलं.

“मेरेकु कुछ नक्को साब. बस, लिख लेना,” यादय्या म्हणाला. “नहीं लिखे तो कल दूसरे कान पे मारते.”

इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघून हसला. एवढ्यात त्याच्या कमरेचा पेजर वाजला. “आप लोगां लिखो, मैं आया,” म्हणत तो फोन करायला बाहेरच्या खोलीत गेला.

शर्वरीनं पेन उघडलं. “बाबा, इंग्रजीत लिहिते. कुठंही गेलं तरी वाचतील.”

“अगं, राजीनामा म्हणजे इथं…”

“मला कळतं बाबा. तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बोललात की सगळं मऊ होतं.”

हिम्मतरावांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

ती लिहीत गेली. रेणू मधेच पेनचं टोक धरायची, ओळ वर चढायची. यादय्याला कोणत्या तारखेला मारलं, डॉक्टरनं काय लिहिलं, तो किती वेळा आला आणि कुणी कुणी परत पाठवलं. शेवटी सासऱ्यांच्या वतीनं: ज्या समितीला एक तक्रार नोंदवून घेता येत नाही, तिच्यात बसून चहा पिण्याची मला लाज वाटते. सबब मी सभासदत्वाचा राजीनामा देत आहे.

हिम्मतरावांनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या मिशा जरा हलल्या. मग डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी सही केली.

इन्स्पेक्टर आला, वाचता वाचता खुर्चीत बसायचा थांबला.

“ये क्या है साब? मैं राजीनामा बोला. ये यादय्या और हवालदार, दोनों राजी हो गए, सुलह हो गई, वैसा कागज. आप तो कमिटीच छोड़ रहे.”

शर्वरीच्या हातातलं पेन रेणूनं अलगद काढून घेतलं. तिला ते कळलंही नाही.

“हमारी मराठी में राजीनामा इसीकु बोलते,” हिम्मतराव म्हणाले.

“गलती से हो गया. फाड़ देता हूं.”

“दस्तखत हो गई साब. मेंबर ने छोड़ा तो उसका कागज वजह के साथ ऊपर के ऑफिस को जाता. ये रूल पहली बैठक में आपीच पढ़ के सुनाए.” हिम्मतरावांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “हां, वजह नहीं रही, तो मैं वापस ले लेता.”

इन्स्पेक्टरनं कागद पुन्हा वाचला. नावं, तारखा. समासाजवळ रेणूची लाळ सांडून शाई फुटली होती, पण एकही अक्षर गेलं नव्हतं. त्यानं यादय्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

“रायटर को बुलाओ,” तो दाराकडे बघून म्हणाला. “रजिस्टर लेके आने बोलो.”

नोंदी लिहिणारा रायटर आला. त्यानं यादय्याला बाकावर बसायला सांगितलं आणि नाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. यादय्या उजवा कान पुढे करून एकेक सांगत राहिला. शेवटी त्यानं अंगठा उमटवला, नोंदीची नक्कल घडी करून खिशात घातली. तेव्हा कुठं हिम्मतरावांनी आपला कागद मागून घेतला.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताच शर्वरीनं विचारलं.

“बाबा, तो तडजोडीचा कागद मागतोय, हे तुम्हाला आधीच कळलं होतं?”

“आमची शाळाच उर्दू होती, पोरी.”

“मग मला थांबवायचं ना. मी काय लिहून बसले.”

हिम्मतरावांनी रेणूला तिच्याकडून घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

“पुण्याची मराठी शुद्ध, असं लहानपणापासून ऐकतोय,” ते म्हणाले. “तिला आम्ही हैदराबादवाल्यांनी कशाला हात लावायचा?”