सूत्राला त्र्याण्णव

शिगेझो शवपेटीत पडून होता आणि त्याची मान अवघडली होती. उशी उत्तरेला होती, अंगावर पांढरा किमोनो होता, बाहेर सगळं गाव काळ्या कपड्यांत बसलं होतं. पेटीला तोंडापुरती खिडकी होती. ती उघडी ठेवा, कोण रडतंय आणि कोण नुसतं नाक ओढतंय ते मला बघायचंय, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

जिवंतपणी आपला अंत्यविधी उरकून घेणारा तो गावातला पहिला नव्हता. पण बाकीच्यांनी हौस म्हणून केला. शिगेझोला तो खरोखरच शेवटचा वाटत होता. हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन केलं नाही तर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टर काजिवाराबाईंनी सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, आयुष्यभर बोटींची इंजिनं उघडली, कुठलं बंद पडू द्यायचं ते मला कळतं.

त्याच्या मुलीने, नात्सुएने, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, आवडती माशांची आमटी बंद करून पाहिली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, दर शनिवारी कॅराओकेत जगण्याचं गाणं गाता. सकाळी डोळे उघडले, भाताला वाफ आहे, अजून काय हवं, म्हणून गळा काढता. मग जगत का नाही?"

"गाणं गायचं असतं," शिगेझो म्हणाला. "ऐकायचं नसतं."

त्या गाण्याला त्याला कॅराओकेच्या यंत्राने कधी अठ्ठ्याहत्तरच्या वर गुण दिले नव्हते. तरी त्याचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, त्या यंत्रावर. माणसं भिडेने टाळ्या वाजवतात, यंत्राला कुणाची भीड नाही, असं तो सांगत असे. म्हणूनच शेवटी सगळ्यांनी मिळून ते गाणं म्हणावं आणि मग पेटी उचलावी, अशी त्याची इच्छा होती. सभागृहातलं यंत्र पेटीच्या पायाशी आणून ठेवलं होतं. माईक तेवढा एकच असल्यामुळे मठातल्या एनशो गुरुजींनी तोच हातात घेतला.

गुरुजी तरुण होते. त्यांच्या कानात नवं श्रवणयंत्र दिसत होतं. एवढ्या लहान वयात, म्हणून पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. अंत्यविधीचं बौद्ध सूत्र म्हणायला सुरुवात करण्याआधी गुरुजींनी सगळ्यांना हात जोडून डोळे मिटायला सांगितलं. मग खिडकीत वाकून बजावलं, "प्रेतानेसुद्धा."

सूत्र त्या दिवशी नेहमीपेक्षा बरं वाटलं. कंटाळा येईना. मासळीवाल्या कोमाकीबाईंची मान डुलू लागली आणि नवऱ्याने कोपर मारलं तेव्हा थांबली. शेवटची घंटा वाजली. घंटेचा नाद विरतो न विरतो तोच पेटीच्या पायाशी तुताऱ्या वाजल्या.

सगळ्यांनी डोळे उघडले. पडद्यावर रंगीत फटाके फुटत होते आणि मध्ये आकडा होता: त्र्याण्णव. खाली लिहिलं होतं, 'भावना मनाला भिडली. असेच गात राहा.'

नात्सुए रिमोट घेऊन धावली. माझंच चुकलं, म्हणाली. बाबांचं गाणं लावून ठेवताना बटण दाबलं गेलं असणार, आवाज बंद होता म्हणून कळलं नाही, यंत्राने सूत्रालाच गाणं समजून गुण दिले.

पेटीचं झाकण बाजूला सरकलं. शिगेझो उठून बसला.

"माझ्या गाण्यात?" त्याने विचारलं. "सूत्राला त्र्याण्णव?"

गुरुजी नम्रपणे म्हणाले की त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, यंत्राला काय ऐकू आलं ते यंत्र जाणे. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाने गुणांची चौकशी करू नये. आडवे व्हा."

शिगेझोने माईक हिसकावून घेतला आणि गाणं पुन्हा लावायला लावलं. अंत्यविधीला जमलेलं गाव उभं राहून ऐकू लागलं. बसून ऐकावं की काय करावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्यातल्या लांब ओळीला त्याचा दम तुटला, ओठ निळसर झाले. उरलेलं गाणं त्याने पेटीच्या काठावर बसून म्हटलं. एकसष्ट. खाली लिहिलं होतं, 'श्वासाकडे लक्ष द्या.'

शिगेझो त्या वाक्याकडे बघत राहिला. मग त्याने तिसऱ्या रांगेत पाहिलं.

"डॉक्टरीणबाई, ते ऑपरेशन केलं तर दुसरं कडवं एका दमात जाईल?"

"तिसरंही जाईल," काजिवाराबाई म्हणाल्या.

"मंगळवारी जागा आहे?"

जागा होती. शिगेझोने पांढऱ्या किमोनोची डावी-उजवी बाजू बदलून तो जिवंत माणसासारखा बांधला. फुलं पाण्यात ठेवा, असं बजावलं. मग आपल्याच श्राद्धाच्या पंगतीत जाऊन बसला आणि दोन माणसांची सुशी खाल्ली. गुरुजींना वसंतात बघून घेतो, असं तो शेजारच्याला तोंडात घास असतानाच सांगत होता.

मागच्या पडवीत नात्सुए गुरुजींसमोर कंबरेतून वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. गुरुजींनी कानातलं यंत्र काढलं, बाहीला पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. त्यातून अजून बारीक आवाजात गाणं चालू होतं. भाताला वाफ आहे, अजून काय हवं.

"दुसऱ्या कडव्यात माझी जरा घाई झाली," गुरुजी म्हणाले. "नाहीतर पंच्याण्णव होते."