मोकळ्या गवतावर फेकलेला बॉल

“कोणाला फेकलास बॉल? तिथे होतं कोण?” शशिधर ओरडला.

हरीशने हेल्मेट काढलं. “अजय होता, बाबा.”

“अजय नंतर कुठूनसा धावत आला, म्हणून निभावलं.”

लीड्सच्या त्या मैदानावर गेले काही रविवार हेच चाललं होतं. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल दिसायला लागला तशी पोरं वेडी झाली होती. शशिधर सर्जन, अमेरिकेत काही वर्षं काढून आलेला, म्हणून कोचपद त्याच्या गळ्यात पडलं. त्याचा मुलगा हरीश क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन चाल खेळवणारा. सध्या ऑप्शनची चाल शिकवणं सुरू होतं आणि बचाव करणारा गडी म्हणून शशिधर स्वतःच हरीशकडे तोंड करून समोर उभा राहायचा.

“सोपं आहे रे. मी तुझ्या अंगावर आलो, तर बाजूने पळणाऱ्या अजयकडे बॉल टाकायचा. मी अजयकडे वळलो, तर बॉल पोटाशी धरून तूच पळायचं. माझ्याकडे बघ आणि ठरव.”

चाल हरीशच्या डाव्या हाताला नेली की बिनचूक जमायची. उजव्या हाताला नेली की पोरगा मोकळ्या गवतावर बॉल भिरकावून द्यायचा.

“माझा चूक नाही.” हरीशचे डोळे भरून आले. “आस्क अजय!”

शशिधरने विचारलं नाही. दोस्त दोस्ताचीच बाजू घेणार.

तिघे गाडीतून घरी निघाले. घराच्या वळणावर डावा आरसा एका व्हॅनला घासून निखळला.

“कुठेही गाड्या लावतात लेकाचे!” शशिधर करवादला. मागच्या सीटवरून त्याची बायको सुनीती निखळलेल्या आरशाकडे बघत होती. हा आरसा नुकताच नवा बसवला होता.

घरी चहाचा घोट घेता घेता त्याच्या काळजात चर्र झालं. पोरगा चुकतो तो एकाच बाजूला. डॉक्टर असून आपण त्याच्यावर खेकसत राहिलो. डोळ्यामागे काही वाढत असलं तर?

“सुनीती, हरीशला उजवीकडचं दिसत नाहीये गं. आणि मी त्यालाच रागावतोय.”

सुनीती त्याच्याकडे बघत राहिली. “उदयभावजींना फोन करते,” ती म्हणाली. “आपण सगळेच जाऊ.”

उदय डोळ्यांचा डॉक्टर, शशिधरचा जुना मित्र. दुसऱ्या दिवशी त्याने हरीशला समोर बसवलं, दोन्ही हात फाकवून बोटं हलवली, यंत्रातले ठिपके दाखवले. शशिधर जवळ उभा राहून बघत होता.

“घारीची नजर आहे पोराची,” उदय म्हणाला. “दोन्हीकडे.”

“शक्य नाही. परत तपास.”

“शशी, जरा बस.”

उदयचा आवाज उतरला होता. असा आवाज शशिधरने स्वतः कितीदा तरी काढला होता, पेशंटच्या नातेवाइकांसमोर. तो खुर्चीत टेकला.

“म्हणजे काहीतरी आहे. सांग, मी ऐकतो. फक्त आधी सुनीतीला आत बोलाव. ती बाहेरच थांबलीय बहुतेक. तिच्याशिवाय मला ऐकवणार नाही.”

हरीश हमसून रडायला लागला.

“अहो,” शशिधरच्या डाव्या कानाशी सुनीतीचा आवाज आला, “मी मघापासून तुमच्या शेजारीच बसलेय.”