समोरचं दार

ईस्टरच्या सुट्टीत बर्फाचा डोंगर चढून तोरुन माथ्यावर टेकली, तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने तिला अर्धं संत्रं दिलं. उतरताना गप्पा रंगल्या आणि कळलं, ऑस्लोत गेली सहा वर्षं दोघांची दारं समोरासमोरच आहेत.

"सहा वर्षांनी भेटायला डोंगर चढावा लागला म्हणा," तो म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसली.

सुट्टी संपली. सकाळी कोट-बूट चढवून तोरुन आपल्याच दारामागे घामाघूम उभी होती. डोंगरावर ठीक होतं, पण जिन्यात माणसाशी बोलायचं तरी काय? आधी तो जाऊ दे. ऑफिसला उशीर होत चालला, तरी समोरचं दार काही वाजेना.

शेवटी तिने दाराच्या भिंगातून पाहिलं.


समोरच्या दाराखालच्या फटीत दोन बुटांच्या सावल्या जागच्या हलत नव्हत्या.