एकाच नावाचा आजार

विरूपाक्षप्पांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि छातीखालून बेंबीपर्यंत गेलेला व्रण डॉक्टरांना दाखवला.

"मला बी हाच आजार होता, साहेब. सोलापूरला अर्धं जठर काढलं. पाच सालं झाली, देवणीत दुकान चालवतो. माझ्या बहिणीचं बी तसंच काढा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाव एकच आहे, पण आजाराची जात वेगळी. तुमची गाठ एका जागी होती आणि लवकर सापडली. काढली, तुम्ही वाचलात. शिवकांताबाईंना गाठ अशी नाहीच. त्यांचा रोग जठराच्या भिंतीतूनच पसरत गेलाय. सगळं जठर चामड्यासारखं घट्ट झालंय. आणि आता पोटात पाणी झालंय, म्हणजे तो बाहेरही गेलाय. कापून काही उपयोग नाही."

"मग?"

"दिवाळीपर्यंत दिवस काढले तरी पुष्कळ. वर्षभर दोन घासांत पोट भरत होतं त्यांचं. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लक्षात सगळ्यांच्याच आलं होतं. शिवकांता अर्ध्या भाकरीवरून उठायची आणि उरलेली जावेच्या लेकरांपुढं सरकवायची. ओळीनं दुसरा दुष्काळ. त्यात कमी खाणारीला कोण कशाला विचारतंय? सासू तर चारचौघींत तिचं कौतुक करायची, सून लई समजदार म्हणून. ते ऐकून विरूपाक्षप्पांनाही भाऊ म्हणून बरं वाटलं होतं.

ते बाहेर आले. शिवकांता बाकड्यावर शेजारच्या बाईला सांगत होती, "लातूर जिल्हा झाला, हितं मोठा दवाखाना आला ते बरं झालं बाई. अण्णांना सोलापूरला न्यावं लागलं. माझं हितंच हून जाईल." मग भावाकडं बोट करून म्हणाली, "हे बघा. ह्यांना बी हेच झालतं."

ती बाई विरूपाक्षप्पांकडं बघतच राहिली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिचा नवरा पडला होता.

"खरं का हो, दादा?"

"हाव," विरूपाक्षप्पा म्हणाले.

"आपरेशन कवा, अण्णा?" शिवकांतानं विचारलं.

विरूपाक्षप्पांनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर टँकर उभा होता आणि बायका घागरी घेऊन एकमेकींना रेटत होत्या.

"त्याला पाणी लई लागतं म्हणतेत. पाऊस पडला की करू."

शिवकांतानं आभाळाकडं पाहिलं. आषाढ सरत आला होता आणि वर ढगाचा ठिपका नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली.

"मग यंदा न्हाई जमायचं," ती हळूच म्हणाली आणि उठायला तिनं हात पुढं केला.

विरूपाक्षप्पांनी हात धरून तिला उठवलं. हाताला वजन असं लागलंच नाही.