देव पाण्यात

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या प्रमिलाकाकूंनी बाळकृष्णाला पातेलंभर पाण्यात ठेवलं होतं. कारणही तसंच होतं. तिथलं सरकार बाहेरून आलेल्या लोकांना पकडून त्यांच्या देशात नाही, तर भलत्याच तिसऱ्या देशात नेऊन सोडतं. तिथे त्यांचे हाल होतात का, हे सरकारला विचारण्यासाठी खासदारांच्या एका समितीत सुनावणी व्हायची होती. काकूंची लेक ईशानी त्या समितीत कामाला, आणि चेअरमनसाहेब सारखी तारीख पुढे ढकलत होते. सुनावणी होईपर्यंत देव बाहेर काढायचा नाही, असं काकू बोलल्या होत्या.

ईशानी सुट्टीला घरी आली आणि किंचाळलीच, "आई, बाळकृष्ण लाँड्रीरूममध्ये?"

"देव्हाऱ्यात पातेलं मावेना गं."

"तो गोकुळातला. तिथून तू त्याला आपल्या देव्हाऱ्यात आणलंस. आता देव्हाऱ्यातूनही उचललास? हे तर थर्ड कंट्रीच झालं! त्याची बाजू कोणी ऐकली?"

काकू ओशाळल्या. पातेल्यापुढे मांडी घालून बसल्या, "बोल बाबा," म्हणाल्या आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग देव पुसून देव्हाऱ्यात ठेवला.

"अगं आई, बाहेर काय काढलास? माझी सुनावणी अजून व्हायची आहे!"

"याची झाली ना. मी नुसतं सुनावणी म्हटलं होतं, कोणाची ते कुठे बोलले होते?"

"मग आता आमचं काय?"

काकूंनी पातेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्या चेअरमनसाहेबांचा एखादा फोटो आहे का गं?"